आवर्ती मालिकेची गणितं: बाकीपाशी होणाऱ्या या चुका टाळा

शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेपासून राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅट या दुसऱ्या पेपरपर्यंत एक प्रश्न वेश बदलून येतच राहतो. रंगीत मण्यांची माळ, मोठ्या घाताचा एकक अंक, शंभर दिवसांनी येणारा वार, अपूर्णांकाचा पन्नासावा दशांश अंक. मूळ सगळ्यांचं एकच आहे. ठरावीक गट पुन्हा पुन्हा येतो, गटात जितकी पदं तितक्यांनी भाग द्यायचा आणि बाकी पाहायची.

ही रीत बहुतेक विद्यार्थ्यांना येते, तरीही गुण जातात. माझ्या मते गट शोधता आला नाही म्हणून जाणारे गुण थोडेच. बाकीचा अर्थ लावताना जातात ते जास्त. सीसॅटला दोन तासांत ८० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. त्यात पेपर काढणाऱ्यालाही या चुका पक्क्या ठाऊक असतात, त्यामुळे चुकीच्या वाटेनं आलेलं उत्तरही पर्यायांत सापडतं आणि आपण निर्धास्तपणे गोल काळा करून पुढे जातो.

भागाकाराला काट मारणं

१/७ = ०.१४२८५७१४२८५७… यात दशांशचिन्हानंतरचा १०० वा अंक कोणता? गट सहा अंकांचा आहे. १०० ला ६ ने भाग दिला की भागाकार १६ आणि बाकी ४, म्हणून गटातला चौथा अंक, ८.

आता घाईत काय होतं ते पाहा. १००/६ असं लिहिलं की सवयीनं हात दोनाने काट मारतो. ५०/३ उरतं, बाकी येते २, आणि उत्तर लिहिलं जातं ४. काट मारल्यानं भागाकार तोच राहतो, बाकी मात्र बदलते. संक्षेप करायची सवय शाळेपासून इतकी अंगवळणी पडलेली असते की इथं काही चुकलं आहे अशी शंकाही येत नाही. म्हणून बाकी काढायची असेल तेव्हा अपूर्णांकाची आडवी रेघ मारूच नका. सरळ पाढा म्हणा: साही सोळा शहाण्णव, उरले चार.

बाकी शून्य आली की गोंधळणं

त्याच १/७ चा १०२ वा अंक विचारला तर बाकी शून्य येते. शून्य म्हणजे गट पूर्ण झाला, म्हणून गटातला शेवटचा अंक, ७. अनेक जण इथं पहिला अंक १ लिहितात.

घातांच्या प्रश्नात ही चूक जास्त फसवी होते, कारण कधी कधी तिच्यामुळे उत्तर बरोबरही येतं. ७ च्या घातांचे एकक अंक ७, ९, ३, १ असे चारच्या गटानं फिरतात. ७ चा १०० वा घात घ्या. १०० ला ४ ने भागलं की बाकी शून्य. ‘बाकी शून्य, म्हणजे शून्य घात, म्हणजे १’ असं म्हणणाऱ्याचं उत्तर बरोबर येतं आणि त्याचा त्या रीतीवर विश्वास बसतो. मग परीक्षेत २ चा १०० वा घात येतो. गट आहे २, ४, ८, ६. खरं उत्तर ६, त्याचं उत्तर १. आणि २ चा कोणताही मोठा घात सम असणार, हे ध्यानात यायला सवड नसते. ३, ७, ९ साठी ही रीत चालते, २, ४, ८ साठी पडते. तेव्हा बाकी शून्य आली की गटातलं शेवटचं पद, हे एकच सूत्र धरा.

‘नंतर’ आणि ‘वा’ एकच समजणं

आज सोमवार आहे, १०० दिवसांनी कोणता वार? १०० ला ७ ने भागून बाकी २, सोमवारच्या पुढे दोन, म्हणजे बुधवार. आता प्रश्न असा केला: सोमवारी सुरू झालेल्या शिबिराचा १०० वा दिवस कोणत्या वारी येईल? उत्तर मंगळवार, कारण सोमवार हाच पहिला दिवस आणि त्यापुढे ९९ दिवसच जायचे आहेत.

वारांच्या प्रश्नात बाकी शून्य आली तर उत्तर आजचाच वार असतो. मण्यांच्या माळेत बाकी शून्य आली तर गटातला शेवटचा मणी. दोन नियम परस्परविरोधी वाटतात म्हणून विद्यार्थी ते वेगवेगळे पाठ करतात आणि परीक्षेत त्यांची अदलाबदल करतात. पाठ करायची गरजच नाही. ‘दिवसांनी’ म्हणताना आजच्या दिवसाचा क्रमांक शून्य असतो, ‘वा दिवस’ म्हणताना एक. कच्च्या कामात पहिल्या पदाखाली ० किंवा १ लिहिलं की बाकी आपोआप योग्य पदावर बोट ठेवते. इथं दोन सेकंद खर्च करायला काहीच हरकत नाही.

मालिका सुरुवातीपासूनच फिरते असं धरणं

१/२८ = ०.०३५७१४२८५७१४२८… यातला ५० वा अंक काढताना सुरुवातीचे ० आणि ३ हे गटाबाहेरचे आहेत. खरा गट ५७१४२८. आधी ५० मधून २ वजा करा. ४८ ला ६ ने भागून बाकी शून्य, म्हणून गटातला शेवटचा अंक ८. वजाबाकी विसरलात तर बाकी २ येते आणि उत्तर ७ निघतं.

गटाबाहेर किती अंक राहणार हे छेदावरून कळतं. अतिसंक्षिप्त रूपातल्या छेदाचे अवयव पाडा आणि २ चा घातांक व ५ चा घातांक यांतला मोठा घ्या. २८ = २ × २ × ७, म्हणून दोन अंक बाहेर.

गट ठरवायची घाई

१, १, २, १, २, ३, १, २, ३, ४… इथं १ पुन्हा पुन्हा येतो, पण गट दर वेळी वाढतो आहे. अशा मालिकेत भागाकार लावायचाच नाही. नऊ गटांत १ + २ + … + ९ = ४५ पदं झाली, म्हणून ५० वं पद दहाव्या गटातलं पाचवं, म्हणजे ५.

याहून बारीक फसगत फिबोनाची मालिकेच्या (प्रत्येक पद म्हणजे मागच्या दोन पदांची बेरीज) एकक अंकांत आहे: १, १, २, ३, ५, ८, ३, १, ४… तीन पुन्हा आला म्हणून गट संपला असं वाटतं. पण पहिल्या तीननंतर ५ होता, दुसऱ्यानंतर १. पुढचं पद मागच्या दोन पदांवरून ठरत असेल तर दोन्ही पदं त्याच क्रमानं परत यायला हवीत. इथं तो गट तब्बल ६० अंकांचा निघतो.

मोजणीच्या प्रश्नात गुणोत्तर लावणं

माळेत लाल, लाल, पिवळा, हिरवा, निळा असे मणी त्याच क्रमानं ओवले आहेत. पहिल्या ८३ मण्यांत लाल किती? पाचात दोन म्हणून ८३ × २/५ केलं की ३३.२, आणि ३३ वर खूण होते. पूर्ण गट १६, त्यांतले लाल ३२, उरलेले तीन मणी लाल, लाल, पिवळा, म्हणून एकूण ३४. उलट प्रश्नही येतो: तिसावा हिरवा मणी माळेत कितवा? १५० लिहू नका. आधीचे २९ गट म्हणजे १४५ मणी, पुढे चौथा, म्हणून १४९ वा.

उत्तर पटत नसेल तर

तीच रीत लहान क्रमांकावर चालवा. गट सहाचा असेल तर सहावं आणि सातवं पद त्याच रीतीनं काढा आणि समोर छापलेल्या मालिकेशी ताडून पाहा. चूक असेल तर बहुतेक वेळा इथंच दिसते. आणि दोन पर्यायांत अडलात, ते गटात एकमेकांशेजारचे असतील, तर पुन्हा भागाकार करत बसू नका. प्रश्न परत वाचा आणि ‘नंतर’, ‘पासून’, ‘वा’ यांतला कोणता शब्द छापला आहे ते पाहा.