आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास कापसापासून सुरू करा

अभ्यासिकेत नव्याने येणारी मुलं परराष्ट्र धोरण उघडतात आणि पंचशील करार १९५४, बांडुंग परिषद १९५५, अलिप्ततावादी देशांची बेलग्रेड परिषद १९६१ अशी सनावळीची माळ जपायला लागतात. माळ लागतेच, पण ती आठवड्यात उरकते. जळगावात राहून, मराठी माध्यमातून युपीएससीची मुख्य परीक्षा दिल्यावर माझं मत असं झालंय की परराष्ट्र आणि देशांतर्गत धोरणाच्या दोन वेगळ्या वह्या करूच नयेत. खानदेशातल्या पोराच्या तर घरातच दोन्हींची गाठ पडलेली असते.

कापूसच घ्या. २०२१च्या अर्थसंकल्पात आयात कापसावर शुल्क बसलं, सगळं धरून ११ टक्के. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि आपण रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के शुल्क लावलं. कापड निर्यातदार अडचणीत आले. त्यांना कच्चा माल स्वस्त पडावा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून ते ११ टक्के उठवलं; आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत डिसेंबरअखेर गेली. नेमकी आपल्याकडची वेचणी याच दिवसांतली. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतो तेव्हा, किती मिळाला, ते घरी विचारा. मॉस्कोच्या तेलापासून चोपडा-धरणगावच्या जिनिंगपर्यंतची (सरकी काढण्याच्या कारखान्यांपर्यंतची) ही साखळी एका पानावर मांडता आली, की ‘विकसित देशांच्या धोरणांचा भारताच्या हितसंबंधांवर परिणाम’ हा अभ्यासक्रमातला रुक्ष मुद्दा पाठ करावा लागत नाही.

हमीभावाचा धागा पुढे जिनिव्हापर्यंत जातो. तिथल्या जागतिक व्यापार संघटनेत हमीभाव ही सरकारी मदत धरतात; विकसनशील देशांच्या पीकवार मदतीला साधारणपणे उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि मदत मोजतात ती १९८६-८८च्या किमतींशी ताडून. (इतक्या जुन्या भावावर आजचा हमीभाव तोलायचा!) नोव्हेंबर २०१८मध्ये भारताची मदत या मर्यादेबाहेर जाते म्हणत अमेरिकेने तिथे कापसाच्या हमीभावावरच बोट ठेवलं. पण त्याच अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९पासून व्यापारी तंट्यांवरची अपिलं ऐकणारं संघटनेचं अपील मंडळ ठप्प आहे.

संघटनांच्या बाबतीत स्थापना आणि मुख्यालय एका ओळीत संपवा. वेळ द्या तो मतदानाच्या नियमांना. सुरक्षा परिषदेत १५ पैकी ९ मतं लागतात आणि पाच स्थायी सदस्यांना नकाराधिकार आहे. नाणेनिधीच्या मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं हवीत, अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत, म्हणजे तिथेही तिचा नकार चालतो. व्यापार संघटनेत सगळ्या सदस्यांची सहमती लागते, म्हणून २०१४मध्ये अन्नधान्य साठ्याच्या प्रश्नावर भारत व्यापार सुलभीकरणाचा (सीमाशुल्काच्या प्रक्रिया सोप्या करण्याचा) करार अडवून धरू शकला. शिधादुकानातल्या धान्यासाठी दिलेली ही लढत मला परराष्ट्र धोरणाचं सर्वांत चांगलं उदाहरण वाटते.

राज्यघटनेतलं कलम २५३ मात्र पक्कं करा: आंतरराष्ट्रीय करार अमलात आणायला संसद राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते. शेती राज्यसूचीत आहे, हे लक्षात घेऊन ते वाचा.

वाचनासाठी परराष्ट्र मंत्रालयाची मूळ निवेदनं बघा. वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चांमध्ये संध्याकाळ जाते आणि वहीत काही उतरत नाही. २०१३पासूनचे मुख्य परीक्षेतले सामान्य अध्ययन दोनचे पेपर काढा (आंतरराष्ट्रीय संबंध त्यातच येतात) आणि प्रत्येक प्रश्नासमोर त्याच्याशी जोडलेला एक घरगुती प्रश्न लिहा. पश्चिम आशिया आला की रावेरची आखातात जाणारी केळी लिहायला हरकत नाही. १५० शब्दांच्या उत्तरात तिला एक ओळ पुरे.