मिनी ड्राफ्टरच्या आधी गाजर

यवतमाळकडच्या आमच्या कॉलेजात इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा पहिला आठवडा मी मिनी ड्राफ्टरशिवाय घेतो, म्हणजे बोर्डाला लावून समांतर नि कोनातल्या रेघा ओढायच्या साधनाशिवाय. कोरे कागद आणि एचबी पेन्सिल, बस. पट्टी नाही, खोडरबर तर नाहीच. तो हाती असला की पोरं रेघा पुसत बसतात, वस्तूकडे बघतच नाहीत. चुकलेली रेघ राहू द्या, शेजारी दुसरी ओढा.

पहिल्या दिवशी निमुळतं गाजर आणि चाकू न्या. कापण्याआधी कापलेलं तोंड कसं दिसेल ते प्रत्येकाने काढायचं, मगच कापायचं. आडवं कापलं की वर्तुळ. ते सगळ्यांना जमतं. तिरकं कापलं की लंबवर्तुळ. बाजूच्या उताराला समांतर कापलं की पॅराबोला. तो बघून एक जण म्हणाला, "सर, हे तं नखावानी दिसून राह्यलं!" पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा हे बरं. तोंड शाईच्या पॅडवर दाबून ठसा घ्या नि आधीच्या चित्राशेजारी ठेवा. (ते गाजर खाऊ नका, हे सांगावं लागतं.)

मग तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी टेबलावर ठेवा. समोरून, वरून, डावीकडून अशी तीन चित्रं. आपल्याकडे चित्रं मांडायची फर्स्ट अँगल पद्धत चालते, म्हणून वरचं चित्र खाली नि डावीकडचं उजवीकडे. अमेरिकन व्हिडिओंत थर्ड अँगल असतो, तिथे हे नेमकं उलट. पोरं इथेच गोंधळतात. आता नंदीवर रुमाल टाका आणि विचारा, हा शेपटीवर उभा केला तर वरून काय दिसेल? बरेच जण पाठ काढतात. रुमाल काढा, नंदी उभा करा; वर तोंड असतं.

आयसोमेट्रिक, म्हणजे वस्तूच्या तीन बाजू एकाच चित्रात, त्यानंतर. उभ्या कडा उभ्याच, बाकीच्या दोन दिशा अंदाजाने 30 अंशांत.

शेवटी तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार. शेतात नेऊन चाडं, नळ्या, फण काढून घ्या. शेतकऱ्याघरची पोरं इथे मास्तर होतात, होऊ द्या. मग सांगा, ओल्या रानात नळी मातीने चोंदते, त्यावर 20 मिनिटांत पाच वेगळे उपाय काढा. मापं नकोत. पहिले दोन सगळ्यांचे सारखेच येतात, घाई करू नका. मार्क पाचही चित्रांना द्या, सुबकपणाला नको. गेल्या वर्षी एका मुलीने चौथ्या चित्रात नळीची एक बाजू पारदर्शक केली, म्हणजे बी अडकलं की चालता चालता दिसेल. रेघा पार वाकड्या होत्या. ड्राफ्टर तिच्या हाती सोमवारी दिला.