शाखामार्गाचे शेवटचे स्टेशन : घरातील जर्मन लघुरेल्वे कशी चालवावी

घरातल्या लघुरेल्वेचा पहिला संच बहुधा लंबवर्तुळाकार रुळांसह येतो. गाडी त्यावर वीस-पंचवीस फेऱ्या मारते, घरची मंडळी कौतुक करून आपापल्या कामाला लागतात आणि दोन महिन्यांत खोके माळ्यावर जाते. यात दोष त्या मांडणीचा असतो, कारण त्या गाडीला कुठून यायचे नसते आणि कुठे पोहोचायचेही नसते. गाडीला काम दिले, तर तीन मीटर लांबीच्या फळीवरची रेल्वे वर्षानुवर्षे पुरते. म्हणून येथे एकाच प्रकारच्या मांडणीचा विचार केला आहे : पश्चिम जर्मनीतील एका शाखामार्गाचे शेवटचे स्टेशन, काळ साधारण १९६० चा.

हा काळ निवडण्यामागे कारण आहे. युरोपातील लघुरेल्वेची मानके, म्हणजे ‘एनईएम’, रेल्वेच्या इतिहासाचे कालखंड पाडतात. त्यातील तिसरा कालखंड हा युद्धोत्तर, साधारण १९७० पर्यंतचा. या काळात वाफेची इंजिने, नवी डिझेल इंजिने आणि लाल रेलबस (रुळांवर धावणारी बससारखी हलकी गाडी) एकाच स्टेशनात शेजारी-शेजारी उभ्या दिसत, त्यामुळे दोन-तीन गाड्यांतही विविधता साधते. मात्र एकदा देश आणि कालखंड ठरवला की त्याला धरून राहावे. दुकानात किंवा संकेतस्थळावर सर्वांत मोठा मोह पडतो तो स्विस ‘क्रोकोडाइल’ इंजिनाचा. बोरघाटात धावलेली आणि आपल्याकडे ‘खेकडा’ या नावाने ओळखली जाणारी मालगाडीची विद्युत इंजिने त्याच्याच जातकुळीतली, आणि त्यांपैकी काही विंटरथूरच्या स्विस कारखान्यात तयार झालेली, त्यामुळे मराठी माणसाचा जीव तिथे अडकणे स्वाभाविक आहे. ते इंजिन जरूर घ्यावे आणि काचेच्या कपाटात ठेवावे. विजेच्या तारा नसलेल्या जर्मन शाखामार्गावर त्याला काही काम नाही.

प्रमाण निवडताना जागेचा हिशेब आधी करावा. ‘एच-शून्य’ प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळ आकाराच्या १:८७ असते आणि रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ‘एन’ प्रमाणात हेच आकडे १:१६० आणि ९ मिलिमीटर आहेत. ब्रिटिश ‘डबल-ओ’ गाड्याही १६.५ मिलिमीटरच्याच रुळांवर चालतात, पण त्यांचे प्रमाण १:७६ असल्याने त्यांच्या इमारती आणि माणसे जर्मन गाड्यांशेजारी बेढब दिसतात. सुमारे २६.४ मीटर लांबीचा जलदगाडीचा डबा एच-शून्यमध्ये ३० सेंटिमीटर भरतो, म्हणजे चार डब्यांनाच १२० सेंटिमीटरचा फलाट लागेल. शाखामार्गावरचे ६४ वर्गाचे छोटे इंजिन मात्र सुमारे १४ सेंटिमीटरचे आणि तीन चाकजोड्यांचे डबे प्रत्येकी साधारण १५ सेंटिमीटरचे; इंजिन आणि तीन डबे मिळून ६० सेंटिमीटरमध्ये संपूर्ण, खरीखुरी गाडी उभी राहते. लहान घरात मोठ्या गाडीची नक्कल करण्यापेक्षा मुळातच लहान असलेली गाडी निवडणे शहाणपणाचे, असे माझे ठाम मत आहे.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट पक्की करावी. मार्क्लिन या जर्मन कंपनीच्या एच-शून्य पद्धतीत विजेचा एक ध्रुव रुळांच्या मध्यभागी असलेल्या ठिपक्यांतून येतो आणि दोन्ही रूळ मिळून दुसरा ध्रुव होतो. रोको, पिको, फ्लाइशमान, ट्रिक्स या कंपन्यांच्या नेहमीच्या दोन-रूळ पद्धतीत प्रत्येक रूळ हा वेगळा ध्रुव असतो. मार्क्लिनची न बदललेली चाके दोन-रूळ मार्गावर ठेवली की थेट शॉर्टसर्किट होते. परदेशातून कुणी नातेवाईक डबे आणणार असेल, तर त्याला हा फरक लिहूनच द्यावा.

आता आराखडा. तीन मीटर लांब आणि चाळीस सेंटिमीटर रुंद अशी भिंतीलगतची फळी पुरेशी आहे. त्यापैकी सव्वादोन मीटरवर स्टेशन आणि उरलेल्या पाऊण मीटरवर, एखाद्या पुलाआड किंवा इमारतीआड, ‘उरलेले जग’, म्हणजे गाड्या नजरेआड थांबण्याची जागा, असावे. स्टेशनात फलाटाची मार्गिका, तिला समांतर आणि दोन्ही टोकांना जोडलेली दुसरी मार्गिका, मालधक्क्याकडे जाणारा एक फाटा आणि इंजिनाच्या छोट्या शेडचा एक फाटा, एवढेच हवे. चार सांध्यांत (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवण्याच्या जागांत) हे सारे बसते. गाडी आली की इंजिन सुटून शेजारच्या मार्गिकेवरून मागे जाते आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागते. यासाठी फलाटाच्या पलीकडे इंजिन मावेल इतका, निदान वीस सेंटिमीटरचा, रूळ सोडायला विसरू नये. माझ्या पहिल्या मांडणीत मी तेरा सेंटिमीटर सोडले होते आणि इंजिन चौदाचे निघाले. ६४ वर्गाचे इंजिन पाण्याची टाकी स्वतःच्याच अंगावर घेऊन दोन्ही दिशांना सारखेच धावत असे, म्हणून इंजिनाचे तोंड वळवणाऱ्या फिरत्या चकतीची गरज नाही.

‘उरलेल्या जगा’साठी सरकत्या पट्ट्या कराव्यात. प्लायवूडच्या ७५ सेंटिमीटर लांब पट्टीवर ॲल्युमिनियमचे दोन एल-अँगल आतल्या कडांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर ठेवून चिकटवले की तोच रूळ होतो आणि गाडी त्यावर उभी असतानाच पट्टी उचलून दुसरी लावता येते. हा अँगल कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दोन्ही टोकांना लहान अडसर मात्र बसवावा. पट्टी तिरकी झाली की सगळी गाडी जमिनीवर जाते.

पाया म्हणून बारा मिलिमीटरचे पाणी न लागणारे प्लायवूड घ्यावे आणि सुताराकडून खाली आडव्या पट्ट्या मारून घ्याव्यात, म्हणजे पावसाळ्यात ते वाकणार नाही. त्यावर आवाज दाबण्यासाठी कॉर्कचा पातळ थर आणि मग रूळ. उन्हाळा-हिवाळ्याच्या तापमानात वीस अंशांचा फरक धरला, तर तीन मीटर रूळ सुमारे एक मिलिमीटरने वाढतो-आटतो. म्हणून थंडीत रूळ टाकत असाल तर प्रत्येक जोडाशी नखाच्या जाडीएवढी फट ठेवावी. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विजेसाठी विसंबू नये. प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र बारीक तार सोल्डर करून ती फळीखालच्या दोन जाड मुख्य तारांना जोडावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच टाळल्यामुळे बहुतेक गाड्या सांध्यावर अडखळतात.

जर्मनीतही घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे तिथला ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे चालतो. त्याच्या प्लगच्या बारीक पिना आपल्या सॉकेटमध्ये सैल बसतात, तेव्हा चांगला अडॅप्टर वापरावा. एका वेळी एकच इंजिन हलणार असेल तर साधा डीसी नियंत्रक पुरतो. डिजिटल पद्धतीत मात्र दोन इंजिने एकाच रुळावर स्वतंत्रपणे उभी करता येतात, आणि खरा लाभ वेगावरच्या ताब्यात आहे. इंजिनातल्या नव्या डिकोडरचा, म्हणजे नियंत्रकाच्या आज्ञा ओळखणाऱ्या चिपचा, पत्ता सहसा ३ असतो, तो प्रथम बदलावा. मग डिकोडरच्या ‘सीव्ही’ नावाच्या क्रमांकित सेटिंगांपैकी ‘सीव्ही ३’ने वेग घेण्याचा आणि ‘सीव्ही ४’ने थांबण्याचा अवधी वाढवावा आणि ‘सीव्ही ५’ने कमाल वेग उतरवावा.

तो किती उतरवावा, याचे गणित सोपे आहे. शाखामार्गावर ताशी ५० किलोमीटर ही नेहमीची मर्यादा धरली, तर १:८७ प्रमाणात गाडीने सेकंदाला १६ सेंटिमीटर जायला हवे, म्हणजे एक मीटर अंतराला सव्वासहा सेकंद. डबे जोडण्या-काढण्याच्या वेळी ताशी २५ किलोमीटर, म्हणजे मीटरला साडेबारा सेकंद. फळीच्या कडेला एक मीटर अंतराच्या दोन खुणा कराव्यात आणि मोबाइलवरच्या घड्याळाने प्रत्येक इंजिन तपासावे. पहिल्यांदा हा वेग असह्य मंद वाटतो. आठवड्याभरात डोळा सरावतो आणि त्यानंतर इतरांच्या गाड्या उधळलेल्या दिसू लागतात.

आता मुख्य विषय, म्हणजे स्टेशनचा दिवस. घड्याळाच्या मागे धावण्याची गरज नाही. घटनांचा क्रम पाळावा आणि वेळा केवळ वातावरणासाठी लिहाव्यात. रात्री मुक्कामाला असलेली रेलबस पहाटे ५:५२ ला कामगारांना घेऊन जंक्शनकडे निघते. ६:४५ ला ६४ वर्गाचे इंजिन तीन डबे घेऊन येते, डब्यांना वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागते आणि ७:१२ ला विद्यार्थी व कारकून यांना घेऊन जाते. साडेनऊच्या सुमारास व्ही-१०० वर्गाचे डिझेल इंजिन मालगाडी आणते आणि अकरापर्यंत मालधक्क्यावर वाघिणींची उलथापालथ चालते. जर्मन शाळा दुपारीच सुटत, म्हणून १:२० ला विद्यार्थ्यांची गाडी परत येते. संध्याकाळी रेलबसच्या फेऱ्या असतात. तिच्या जोडडब्यातही चालकाची जागा असल्याने तिला इंजिन फिरवण्याचा खटाटोप लागत नाही. कागदावर हा दिवस सामान्य वाटेल, पण प्रत्यक्षात तो नीट चालवायला दीड तास लागतो.

सर्वाधिक रंगत मालगाडीत आहे. प्रत्येक वाघिणीसाठी व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराचे एक कार्ड करावे, त्यावर वाघिणीचा प्रकार आणि क्रमांक लिहावा. वेगळ्या चिठ्ठ्यांवर माल आणि ठिकाण लिहावे. खेळाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या काढून कार्डांना टाचाव्यात, म्हणजे त्या दिवशी कोणती वाघीण कुठे लावायची हे आपल्या मर्जीबाहेर ठरते. युरोपातील ‘फ्रेमो’ ही छंदिकांची संघटना आपापले तुकडे जोडून मोठमोठे मार्ग चालवते, ते अशाच कार्डांच्या आधारे. माल ऋतूप्रमाणे बदलावा. उघड्या वाघिणींतून गावातल्या व्यापाऱ्याचा कोळसा वर्षभर येतो. वसंतात बंद वाघिणींतून राइफायझेन सहकारी संस्थेच्या गोदामाला खत येते. भारतातील सहकारी पतसंस्थांच्या १९०४ च्या कायद्यामागे याच राइफायझेनच्या पतपेढ्यांचा आदर्श होता, तेव्हा ‘सोसायटीचे गोदाम’ मराठी वाचकाला परके वाटू नये. शरदात शर्कराकंदांचा (साखरेच्या बीटचा) हंगाम सुरू होतो आणि एरवी दोन वाघिणींवर भागणारे स्टेशन उघड्या वाघिणींनी ओसंडते. ज्याने गळीत हंगामात कारखान्याबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग पाहिली आहे, त्याला या धांदलीचे वर्णन करायला नको. मांडणीवर ही धांदल दाखवण्यासाठी चार जादा वाघिणी आणि वाळलेल्या मातीचे बारीक गोळे पुरतात.

वाघिणी सोडवण्यासाठी फळीवर हात फिरवू नये. बांबूची बारीक काडी टोकाला चपटी तासून कडीच्या खाली घातली की युरोपीय कडी उचलली जाते. हालचालींमध्ये थांबे असू द्यावेत. माणूस खाली उतरून कडी काढेल, सांधेवाला सांधा फिरवेल, मग इंजिन हलेल, असा हिशेब मनात करून दहा सेकंद थांबल्यावर चित्र एकदम खरे होते. सिग्नलांवर फार खर्च करण्याचेही कारण नाही. साध्या शाखामार्गांवर स्टेशनाबाहेर केवळ समलंब आकाराची पांढरी पाटी असे आणि गाडीचे कर्मचारी दूरध्वनीवरून मार्गाच्या नियंत्रकाची परवानगी घेत. घरात दोघे असतील, तर एकाने नियंत्रक व्हावे आणि दुसऱ्याने शेजारच्या खोलीतून खरोखर फोन करावा. लहान मुलांना हा भाग इंजिनापेक्षाही आवडतो.

देखाव्याबद्दल थोडेच सांगतो. फालर, आउहागेन या कंपन्यांचे इमारतींचे संच आणि प्रायझर कंपनीची इवलीशी माणसे सहज मिळतात, पण त्यांची गर्दी करू नये. स्टेशनची इमारत, गोदाम, कोळशाचा ढीग आणि मागे सूचिपर्णी झाडांची एक रांग पुरेशी आहे. खडी बसवताना अर्धा फेव्हिकॉल, अर्धे पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब असे मिश्रण ड्रॉपरने सोडावे, पंखा बंद ठेवावा आणि सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ ते जाऊ देऊ नये.

आपल्या हवेत देखभालीला पर्याय नाही. दमट दिवसांत रुळांवर काळपट थर येतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावा. पॉलिश पेपर कधीही वापरू नये, कारण त्याच्या चऱ्यांत मळ अधिकच साचतो. इंजिनाची चाके स्वच्छ करण्यासाठी तेच कापड रुळांवर आडवे टाकून इंजिनाची एक बाजू त्यावर धरावी आणि दुसऱ्या बाजूने वीज घेऊन चाके जागच्या जागी फिरू द्यावीत, मग बाजू बदलावी. तेल सुईच्या टोकाने, लघुयंत्रांसाठीचेच द्यावे. खोबरेल थंडीत गोठते आणि दाते धरून बसते. काम नसताना फळीवर प्लास्टिकचे आवरण असावे, जुनी चादर नको, तिचे तंतू थेट चाकांच्या आसांत जातात.

दिवस संपताना शेवटची रेलबस फलाटाला लावावी, तिचे दिवे मालवावेत आणि बाकीचे सारे आहे तसेच सोडावे. मालधक्क्यावर अर्धवट रिकामी झालेली कोळशाची वाघीण तिथेच राहू द्यावी आणि तिचे कार्ड तिच्यासमोरच्या खाचेत ठेवावे. पुढच्या रविवारी साडेनऊची मालगाडी ती घेऊन जाईल.