राजीनामा नको, रजेचा अर्ज लिहा

पहिल्या खेपेला मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात हिशेब बघायचे. सातवा लागला तसे साहेब म्हणाले, "ताई, आता आराम करा, बाळ मोठं झालं की या परत." मी राजीनामा लिहून दिला आणि तासगावला माहेरी गेले. परत आले तेव्हा माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसली होती. पुढची चार वर्षं घरी गेली. म्हणून सांगते, दिवस गेलेत म्हणून राजीनाम्यावर सही करू नका. कितीही गोड बोलून मागितला तरी.

रजा हक्काची आहे. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, भरपगारी. २०१७ च्या आधी १२ च होते. यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत तिथे ८० दिवस काम झालेलं हवं, म्हणून हजेरी आणि पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे पैसे, कापत असतील तर रजेचे पैसे मालक नाही, ईएसआय देतं.

दुसऱ्या वेळी मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर होते. अर्जात तीनच गोष्टी लिहिल्या: बाळंतपणाची तारीख, रजा कधीपासून, आणि त्या काळात दुसरीकडे काम करणार नाही. दोन प्रती काढल्या. दिवाणजी म्हणाले, "ठेवून जा, बघतो." मी उभीच राहिले. माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतली आणि मगच हलले. तो कागद अजून कपाटात आहे.

परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला सुट्टी मिळते. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय मालकाने करायची असते.

आमच्याकडे सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून विश्रामबागेत पाळणाघर बघितलं. घरात लगेच हिशेब निघाला, तुझ्या पगारातून फी गेली तर उरतं काय? मी म्हटलं, मूल दोघांचं आहे, फी दोघांच्या पगारात धरा. तुम्हीही असंच धरा.

कामावर रुजू व्हायच्या पंधरा दिवस आधीपासून बाळाला तिथे सोडा, पहिल्यांदा अर्धा तास, मग दोन. धाकटा चौथ्या दिवशी मावशींच्या खांद्यावर झोपला. मी बाहेर पायरीवर बसून रडले. सोमवारी पेढीवर गेले.