नाशिकला मुक्काम ठरलाय? मग बुकिंग मोडलं तर काय, तेही ठरवून निघा

गाडीची तिकिटं काढण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथ्या बघून घ्या. शनिवार-रविवार तर गर्दी असतेच, पण नाशिक-त्र्यंबकला खरी झुंबड तिथीवर उडते. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. गावोगावच्या दिंड्या चालत येतात आणि मठ, धर्मशाळा, ओळखीपाळखीच्यांच्या ओसऱ्या सगळं भरून जातं. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घालणारे आदल्या रात्रीच येऊन टेकतात. चैत्रात आणि नवरात्रात वणीच्या गडावर जाणारे बरेच जण नाशिकला उतरतात. नाताळच्या आठवड्यात वाइनरीवाली मंडळी असतात. आणि 2027 मध्ये तर सिंहस्थ कुंभमेळाच आहे: नाशिकची अमृतस्नानं 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबरला, त्र्यंबकचं तिसरं स्नान 12 सप्टेंबरला. या दिवसांत लॉजच्या काउंटरवर तुमच्या दुप्पट भाडं रोख द्यायला तयार असलेला कुणीतरी उभा असतो. तो तुमच्या आधी पोहोचला की काय होतं, ते सांगायला नको.

पुढचं काम पत्त्याचं. बाहेरगावची माणसं इथे हमखास फसतात. नाशिकरोड म्हणजे एखादा रस्ता नाही. रेल्वे स्टेशनभोवतीचा तो शहराचा भाग आहे आणि तिथून पंचवटीतलं रामकुंड दहाएक किलोमीटर पडतं. पंचवटी एक्सप्रेससुद्धा नाशिकरोडलाच थांबते, पंचवटीत नाही. 'त्र्यंबक रोड' असा पत्ता असेल तर आणखी सावध राहा, कारण हा रस्ता नाशिकच्या सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) सुरू होऊन थेट त्र्यंबकपर्यंत जातो. म्हणजे लॉज सातपूरला असू शकतं नाहीतर अंजनेरीच्या फाट्यावर. 'मंदिरापासून पाच मिनिटं' हे कुठल्या मंदिरापासून, आणि चालत की गाडीने, ते विचारून घ्या. नकाशावरची खूण लॉजवाल्याकडून मागवा आणि ती आसपासच्या दुकानांच्या पाट्यांशी ताडून बघा.

पैसे भरण्याआधी नंबरची खात्री करा. भक्तनिवासांच्या नावाने बनावट वेबसाइट काढून ॲडव्हान्स उकळणारे गर्दीच्या दिवसांत जोरात असतात. गुगलवर पहिला दिसलेला मोबाइल नंबर संस्थानचाच असेल असं नाही. कोणी 'पूर्ण रक्कम आत्ताच टाका' म्हणत घाई करत असेल किंवा पैसे परत देण्यासाठी तुम्हालाच यूपीआयचा पिन टाकायला सांगत असेल, तर फोन ठेवून द्या. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. नारायण नागबळीसारख्या तीन दिवसांच्या विधीसाठी येत असाल तर राहण्याचं आधी गुरुजींनाच विचारा. मुहूर्त ठरलेला असतो, तिथे खोलीचा घोळ परवडत नाही, आणि गुरुजींच्या ओळखीने मिळालेली साधी खोली ॲपवरच्या चकचकीत फोटोंपेक्षा भरवशाची निघते.

बुकिंग ॲपवरून केलं असलं तरी निघायच्या दोन दिवस आधी थेट लॉजला फोन कराच. 'कन्फर्म आहे ना?' असं विचारलं तर उत्तर 'हो हो, या तुम्ही' एवढंच येतं, आणि त्याला काही अर्थ नसतो. विचारायचं असं: रजिस्टरमध्ये कोणाच्या नावाने लिहिलंय, किती माणसं, किती रात्री, ॲपकडून तुम्हाला पैसे पोहोचलेत का, आणि आम्ही रात्री उशिरा आलो तर कोण असेल? पुष्कळ लॉजमध्ये आजही खरं राज्य लाल कापडी बांधणीच्या त्या रजिस्टरचं असतं. ॲपवरचं बुकिंग त्यात पेन्सिलीने लिहिलेलं असतं आणि रोख दिलेलं पेनाने. फोन झाल्यावर तेच सगळं व्हॉट्सॲपवर दोन ओळींत पाठवा: 'बोलल्याप्रमाणे आम्ही चार जण अमुक तारखेला रात्री दहापर्यंत येतो, खोली ठेवावी.' निळ्या खुणा दिसल्या की स्क्रीनशॉट. नाशिकमध्येच राहणारे कोणी सोबत खोली घेणार असतील तर स्थानिक पत्त्याचं आधार कार्ड चालतं का तेही विचारा. बरीच लॉज चालवून घेत नाहीत.

दुसरी सोय घरूनच हेरून ठेवा. पंचवटी आणि त्र्यंबक भरलं की सगळे तिथल्याच गल्ल्यांमधून बॅगा ओढत फिरतात. तुम्ही उलट दिशेला जा. द्वारका, मुंबई नाका आणि नाशिकरोडच्या बाजूची दोन-तीन नावं फोनसह वहीत लिहून ठेवा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामानिमित्त येणाऱ्यांवर चालणारी हॉटेलं सुट्टीच्या दिवशी बऱ्याचदा मोकळी सापडतात. रेल्वेने येत असाल तर स्टेशनवरच्या विश्रामकक्षासाठी पीएनआर हाताशी ठेवा. अगदीच नाही तर सिन्नर किंवा घोटी. सिंहस्थात मात्र हा हिशोब बदलतो. 2015 च्या पर्वणीला खासगी गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवरच थांबवल्या होत्या. त्यामुळे खोली पक्की असूनही तिथवर गाडी जाईल का, हे आधी विचारावं लागेल.

पिशवीत काय? बुकिंगची छापील प्रत, पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक, प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र, पॉवर बँक. औषधं आणि लहान मुलांचं खाणं गाडीच्या डिकीत नको, हातात हवं. पौषात येत असाल तर शाल हवीच. जवळच्या निफाडचा घसरलेला पारा उगाच दरवर्षी पेपरात येत नाही.

आता काउंटरवर 'रूम नाही साहेब' ऐकू आलं तर. आवाज चढवू नका, पण जागचं हलूही नका. मॅनेजर हमखास म्हणतो, 'तुम्हीच ॲपवर कॅन्सल करून टाका, पैसे येतील.' अजिबात करायचं नाही. तुम्ही रद्द केलंत की कपात तुमच्याच पैशातून होते आणि तक्रारीला आधार उरत नाही. तिथे उभं राहूनच ॲपच्या ग्राहकसेवेला फोन लावा, स्पीकरवर टाका आणि मॅनेजरला त्यांच्याशी बोलायला लावा. 'दादा, खोली दिली नाही एवढं व्हॉट्सॲपवर लिहून द्या' म्हणा. नाहीतर 'पाहुणे आलेच नाहीत' अशी नोंद करून तो मोकळा होतो. मग मागणी एकच: याच दरात दुसरीकडे सोय करून द्या. हे लॉजवाले एकमेकांना ओळखून असतात, दोन फोनवर खोली निघते. वरचा फरक कोण देणार ते रिक्षात बसायच्या आधी ठरवा, आणि नवीन खोली एकाने जाऊन बघून आल्याशिवाय आजी-आजोबांना बॅगांसकट उठवू नका. घासाघीस दरावर करण्यापेक्षा गरम पाणी, जास्तीची गादी आणि सकाळी खोली सोडायची वेळ यांवर करा, ते लवकर मान्य होतं.

पैशांचं दुसऱ्या दिवशी बघता येतं. ॲप किंवा लॉज दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. बनावट वेबसाइटवर पैसे गेले असतील तर मात्र उद्यावर टाकू नका. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर त्याच रात्री, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर फोन करा, म्हणजे रक्कम पुढे काढली जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता राहते.