‘गाडी आली होती’ आणि ‘कचरा उचलला नाही’: तक्रार कक्षात नवे असाल तर

कचरा-संकलनाच्या तक्रार कक्षात नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात हे कोडं पडतं. तक्रारदार सांगतो, कचरा उचलला नाही. समोरच्या पडद्यावर जीपीएस दाखवतं, गाडी ७ वाजून १२ मिनिटांनी त्याच गल्लीतून गेली. ‘आमच्या नोंदीप्रमाणे गाडी आली होती’ असं सांगून नवखा मोकळा होतो आणि अर्ध्या तासात तोच माणूस दुप्पट चिडून परत फोन करतो. बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात. गाडी कुठे होती तेवढंच जीपीएसला कळतं, डबा रिकामा झाला की नाही ते कळत नाही.

म्हणून नकाशावरच्या रेषेपेक्षा गाडीचे थांबे बघा. २४० लिटरचा डबा ओढून आणायचा, गाडीला अडकवायचा, उलटा करायचा आणि जागेवर ठेवायचा, यात साधारण २० ते ३० सेकंद जातात. वीस घरांची गल्ली गाडीने दीड मिनिटात पार केली असेल, तर ती तिथून नुसती गेली, काम केलं नाही. उंच इमारतींच्या मधे जीपीएस सरकतं आणि शेजारच्या गल्लीतली गाडी या गल्लीत दिसते, हेही लक्षात असू द्या. डब्यांना आरएफआयडी टॅग (गाडीवरचं यंत्र लांबूनच वाचतं अशी ओळखचिप) असतील तर उचलल्याची वेगळी नोंद मिळते. पण टॅग तुटतात आणि शेजाऱ्यांचे डबे अदलाबदल होतात, तेव्हा नोंद नाही म्हणून डबा उचललाच नाही, असं ठरवू नका.

फोनवर पत्ता घेतल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: शेजारच्यांचे डबेही भरलेलेच आहेत का? या एका उत्तरावर पुढचा सगळा तपास अवलंबून असतो. गल्लीच राहिली असेल तर गाडी बिघडली, भरल्यामुळे खाली करायला गेली आणि परतलीच नाही, किंवा वाटेत कुणी वाहन आडवं लावलं होतं. एकच डबा राहिला असेल तर कारण त्या डब्यापाशी शोधायचं. मग कोणता डबा, ओल्याचा की सुक्याचा, नेमका कुठे ठेवला होता आणि कधी, हे विचारा. ‘सकाळी ठेवला’ याला उत्तर मानू नका. गाडी सातला येऊन गेली असेल आणि डबा साडेसातला बाहेर आला असेल. मात्र हा प्रश्न उलटतपासणीच्या सुरात विचारलात तर पुढची माहिती मिळणार नाही. शक्य असेल तर फोटो मागवा, डबा, झाकण आणि मागचा रस्ता एकत्र दिसेल असा. झाकण उघडं राहण्याइतका डबा भरला होता का, तो उभ्या वाहनाच्या मागे होता का, हे त्यातच कळतं.

ड्रायव्हरने नोंदवलेलं कारणही डोळे झाकून घेऊ नका. दहा घरांपुढे ‘डबा बाहेर नव्हता’ आणि दहाही नोंदींची वेळ तीच असेल, तर त्या फेरी संपल्यावर केबिनमध्ये बसून भरलेल्या आहेत.

‘डबा अर्धाच रिकामा केला’ या तक्रारीत बहुतेकदा आळस कारणीभूत नसतो. डबा उलटा केल्यावर कचरा स्वतःच्या वजनाने पडतो. कोंबलेले खोके किंवा दाबून भरलेला ओला पालापाचोळा दोन-तीन झटक्यांनीही सुटत नाही. खोके उलगडून, चपटे करून, सैल ठेवायला सांगा. वजनाचंही तसंच. २४० लिटरच्या डब्याची भारक्षमता साधारण ९६ किलो असते. ओली माती लिटरमागे दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे पाव डबा मातीतच ती जवळजवळ संपते. अशा डब्याची कड उचलताना तडकते आणि मग तुटलेल्या डब्याची नवी तक्रार येते. तेव्हा काय तुटलं ते विचारा. चाक किंवा झाकणाची पिन जागेवर बदलता येते, पण कड तडकली असेल तर अख्खा डबाच बदलावा लागतो, कारण गाडी त्याला तिथेच पकडते. हे न विचारता माणूस पाठवला तर तो पिन घेऊन जातो आणि हात हलवत परत येतो.

सुका कचरा मागे ठेवला असेल तर ‘दूषित होता’ एवढंच सांगणं म्हणजे आगीत तेल. नेमकं काय सापडलं ते सांगा: डायपर, उरलेल्या द्रवाने भिजलेला कागद, प्लास्टिकच्या पिशव्या. पिशव्यांचं कारणही सांगा. वर्गीकरणाच्या यंत्राच्या फिरत्या चकत्यांना त्या गुंडाळल्या जातात आणि यंत्र थांबवून हाताने कापून काढाव्या लागतात. कारण कळलं की लोक बऱ्यापैकी ऐकतात.

‘आम्ही वेगळा करून देतो आणि तुम्ही एकाच गाडीत टाकता’ ही तक्रार सगळ्यात अवघड. काही गाड्यांच्या आत पडदी असते, ती बाहेरून दिसत नाही. गाडीचा क्रमांक घ्या, तिला पडदी आहे का ते तपासा, मगच बोला. नसेल तर तक्रार खरी आहे. बचाव न करता ती त्याच दिवशी संकलन विभागाकडे द्या.

रस्त्यावर काहीतरी सांडलंय, असा फोन आला की आधी ते तेल आहे की कचऱ्याचं पाणी ते विचारा. घाण वासाचं, पातळ, काळपट पाणी असेल तर गाडीचा निचऱ्याचा बूच उघडा राहिलाय किंवा रबरी सील झिजलंय. धुवायला माणूस पाठवा. चकचकीत, बुळबुळीत, न वाळणारा डाग हायड्रॉलिक तेलाचा, म्हणजे गाडीची उचलायची यंत्रणा ज्याच्या दाबावर चालते त्या तेलाचा असतो. त्यावर दुचाकी घसरते, म्हणून ही तक्रार रांगेत लावायची नाही. वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून तेल शोषून घ्यायचं, झाडून वेगळं न्यायचं. पाणी मारलं तर ते पसरतं आणि गटारात जातं. ती गाडीही लगेच थांबवायला सांगा, पाइप फुटलेला असतो.

राहिलेला डबा उचलायची वेळ कबूल करण्याआधी मुकादमाला विचारा, गाडीत जागा आहे का. मग ‘लवकरच’ न म्हणता ‘उद्या दुपारी १२ पर्यंत’ असं सांगा, आणि डबा तोवर बाहेरच राहू द्या, हेही. हे वाक्य राहिलं की लोक डबा आत नेतात, गाडी फेरा मारून रिकामी जाते आणि तुमच्याकडे ‘परत आलेच नाहीत’ अशी दुसरी तक्रार येते. एकाच गल्लीतून पाच फोन आले तर त्या एका तक्रारीखाली जोडा, नाहीतर मुकादम एक बंद करतो आणि चार लोंबकळत राहतात. बंद करताना रिकाम्या डब्याचा फोटो हवा, घरक्रमांकासह.

एकाच पत्त्यावरून महिन्यात तिसऱ्यांदा तक्रार आली तर पुन्हा गाडी पाठवून भागणार नाही. फेरीचा तक्ता मागवा. नवी इमारत संगणकावर चढलेली असते, पण ड्रायव्हरच्या हातातल्या कागदावर नसते. किंवा फाटक मागच्या बोळात असतं आणि गाडी पुढूनच जाते. तक्ता दुरुस्त करून घ्या आणि पुढच्या दोन फेऱ्यांच्या दिवशी त्या घरी तुम्हीच आधी फोन करा.