केंब्रिज एका दिवसात बघायचं असेल तर संध्याकाळ धरून या

आमच्याकडे पुण्याहून कोणी आलं की केंब्रिजची एक फेरी ठरलेलीच असते, आणि इतक्या फेऱ्यांनंतर माझं मत पक्कं झालंय की हे गाव कॉलेजांची यादी घेऊन बघायचं नाही. लोक सकाळी येतात, दोन-तीन कॉलेजांची तिकिटं काढतात, नदीवर फोटो काढतात आणि चारच्या ट्रेनने परत. पण इथली सगळ्यात भारी गोष्ट तर त्यानंतरच असते.

आधी महिना बघा. एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षा, बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात. मी सांगेन की ऑक्टोबरच्या मध्याला किंवा मार्चच्या सुरुवातीला या, का ते पुढे सांगतो.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून फास्ट ट्रेन पकडली की पाऊण-एक तासात पोचता. स्टेशन गावाबाहेर आहे, पंचवीसेक मिनिटं चालायचं, ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर सरळ बस घ्या. सुरुवात ट्रंपिंग्टन स्ट्रीटपासून करा. फिट्झविल्यम म्युझियम तिथेच आहे, फुकट आहे, फक्त सोमवारी बंद. आणि चालताना जरा खाली बघा, रस्त्याच्या दोन्ही कडेने दगडी पाट आहेत, अगदी आपल्याकडे बागेला पाणी सोडतात तसे. गावात स्वच्छ पाणी यावं म्हणून १६१० च्या दशकात ही सोय केली होती. हजारो लोक ते ओलांडून जातात आणि कुणाचं लक्षही जात नाही. त्याच रस्त्यावर पीटरहाउस, १२८४ चं, इथलं सगळ्यात जुनं कॉलेज. भूक लागली तर फिट्झबिलीज मध्ये चेल्सी बन खा, हात चिकट होतात पण खाच.

पुढे किंग्ज परेडला सेनेट हाउस लागेल, म्हणजे विद्यापीठाचं पदवीदानाचं आणि निकाल वाचण्याचं सभागृह, तिथे मात्र आपण मराठी लोकांनी दोन मिनिटं थांबायलाच हवं. आपण लहानपणापासून ‘रँग्लर परांजपे’ ऐकतो आणि कित्येकांना ते नावच वाटतं, पण इथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणतात, आणि सेंट जॉन्स कॉलेजमधले र. पु. परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, म्हणजे थेट पहिले. नंतर पुण्यात येऊन फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. जयंत नारळीकरही इथलेच रँग्लर. मला तिथे उभं राहिलं की दर वेळी भरून येतं.

ट्रिनिटी कॉलेजमधली रेन लायब्ररी पाहुण्यांसाठी थोडाच वेळ उघडते, म्हणून निघायच्या आधी वेळ नक्की बघून घ्या. तिथे न्यूटनची स्वतःची ‘प्रिन्सिपिया’ची प्रत आहे, त्याने स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केलेली. छापून आलेल्या पुस्तकावर शाईने खोडलेल्या ओळी आणि बाजूला बारीक अक्षर, एवढा मोठा माणूस पण काम संपलं असं मानत नव्हता. रामानुजन १९१४ साली याच कॉलेजात आले, मुलं बरोबर असतील तर हे सांगाच.

पंटिंग म्हणजे बांबूसारख्या लांब काठीने ढकलायची चपटी होडी. आवड असेल तर करा, नाहीतर गॅरेट हॉस्टेल लेनच्या पुलावर जाऊन उभे राहा, तो सार्वजनिक आहे, तिकीट नाही आणि नदी मस्त दिसते. मार्चमध्ये पलीकडच्या हिरवळीवर क्रोकसची जांभळी-पांढरी फुलं असतात. एक लक्षात ठेवा, कॉलेजांच्या आतल्या लॉनवर पाय ठेवायचा नाही, तिथे ते फार मनावर घेतात.

आणि आता मुख्य गोष्ट. टर्म चालू असताना किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये संध्याकाळी ईव्हनसाँग असतं, म्हणजे गायलेली प्रार्थना. बहुतेक दिवशी साडेपाचच्या आसपास, पण त्या दिवसाची वेळ वेबसाइटवर बघा. पैसे लागत नाहीत, कुठल्याही धर्माचा माणूस जाऊ शकतो, आपण निवांत बसायचं, सगळे उभे राहिले की उभं राहायचं, फोन बंद. अर्धा तास आधी रांगेत लागा. चॅपलचं काम १४४६ ला सुरू झालं आणि छत १५१२ ते १५१५ या तीन वर्षांत बांधलं, दगडाचे पंखे उघडून ठेवल्यासारखं, असं एवढं मोठं छत जगात दुसरं नाही. गाणाऱ्या मुलांचा आवाज वर जातो आणि शेवटचा सूर थांबल्यावरही थोडा वेळ वरच राहतो. मी सांगितलेल्या त्या दिवसांत सूर्य बरोबर याच वेळेला मावळतो, गाणं सुरू होताना खिडक्यांच्या काचा लाल-निळ्या चमकत असतात, हळूहळू एकेक रंग विझत जातो आणि संपेपर्यंत फक्त मेणबत्त्या उरतात. माझी आई बाहेर आल्यावर स्टेशनपर्यंत काही बोलली नाही, आणि ट्रेनमध्ये बसल्यावर म्हणाली, उद्या परत येता येईल का रे.